जमिनीखालची मालमत्ता आणि जमिनीवरची जबाबदारी

मुंबई शहराचा जेवढा भाग डोळ्यांना दिसतो तेवढाच महत्त्वाचा भाग त्याच्या पोटात दडलेला आहे. गिरगावातील एखाद्या गल्लीची फरसबंदी उचलली, तर पिण्याच्या पाण्याचा नळ, मैलापाण्याची वाहिनी, पावसाळी गटार, बेस्टची विजेची केबल, स्वयंपाकाच्या गॅसची नळी आणि आता इंटरनेटची काचतंतूंची तार अशा पाच-सहा सेवावाहिन्या हातभर अंतरावर एकमेकींशेजारी नांदताना आढळतात. प्रत्येकीचा धनी वेगळा, प्रत्येकीचे कार्यालय वेगळे, आणि नकाशा असलाच तर तोही वेगळ्या कपाटात. या सर्वांच्या डोक्यावर रोज कोणी ना कोणी कुदळ, ब्रेकर किंवा जेसीबी घेऊन उभा असतो.

एखाद्या गृहस्थाने आपल्या घराच्या कामासाठी कंत्राटदार नेमला आणि त्या कंत्राटदाराच्या माणसांनी खणताना यांतील एखादी वाहिनी फोडली, तर भरपाई कोणी करावयाची? घरमालकाने, कंत्राटदाराने, की ज्याच्या हातात पहार होती त्या मजुराने? वकिलांच्या कचेरीत सुटणारी ही किरकोळ बाब आहे असे मानून आपण ती सोडून देतो. प्रस्तुत लेखकाला ती किरकोळ वाटत नाही. लाभ कोणाच्या खिशात आणि जोखीम कोणाच्या माथी, हा अर्थकारणातील मूलभूत प्रश्न येथे दोन फूट खोल खड्ड्यात उघडा पडलेला दिसतो. शिवाय आपले बहुसंख्य कार्यकर्ते चाळ कमिट्यांत, भाडेकरू संघांत आणि गृहनिर्माण सोसायट्यांत काम करतात. नोटीस आली की ती प्रथम त्यांच्याच हाती पडते.

जमिनीखालच्या या जाळ्याचे सामाजिक स्वरूप आधी लक्षात घेतले पाहिजे. विहार तलावाचे पाणी १८६० साली नळाने शहरात आले. १८६०-७० च्या दशकात गॅसचे दिवे लागले. तो गॅस वाहून नेणारी कंपनी गेली, तरी लालबागच्या गॅस कंपनी लेनच्या नावात तिची आठवण शिल्लक आहे. १८९२ साली तानसाचे पाणी आले. वीज आणि ट्राम चालविण्यासाठी १९०५ साली स्थापन झालेली खाजगी कंपनी ७ ऑगस्ट १९४७ रोजी महानगरपालिकेच्या ताब्यात आली आणि बेस्ट हा सार्वजनिक उपक्रम झाला. दीडशेहून अधिक वर्षे नागरिकांच्या करातून आणि बिलांतून उभे राहिलेले हे सामाजिक भांडवल आहे. त्याची एक शीर तुटली, तर नुकसान कोण्या एका कार्यालयाच्या हिशेबवहीपुरते राहत नाही.

याचा पुरावा फार दूर शोधावा लागत नाही. ठाण्यात वागळे इस्टेट भागातील किसननगर येथे कूपनलिकेचे खोदकाम सुरू असताना मुंबई महानगरपालिकेच्या जलबोगद्याला भोक पडले आणि गळती सुरू झाली. हा बोगदा भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे पाणी नेणारा, साडेपाच मीटर व्यासाचा. दुरुस्तीसाठी तो बंद ठेवणे भाग पडले आणि ३१ मार्च २०२३ पासून ३० दिवसांसाठी सबंध मुंबईत १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली. एका भूखंडावर कोणी कूपनलिका पाडली, आणि ऐन उन्हाळ्यात परळच्या चाळीतील बाईला पहाटेचा हंडा भरताना नळाखाली अधिक वेळ बसावे लागले. ज्याने कंत्राट दिले, ज्याने ते घेतले आणि ज्याने नुकसान सोसले, ती तिन्ही माणसे एकमेकांना ओळखतही नव्हती.

पुढे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अंधेरी पूर्वेला मेट्रो-६ च्या कामात वेरावली जलाशयाची १,८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली आणि पश्चिम उपनगरांतील मोठ्या वस्तीचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला. ९ मार्च २०२५ रोजी मध्यरात्रीनंतर अंधेरीच्याच शेर-ए-पंजाब वसाहतीजवळ जेसीबीने खोदकाम सुरू असताना गॅसची वाहिनी फुटली, आग लागली आणि तिघेजण भाजले. येथे काम घरगुती नव्हते, सार्वजनिक होते. पण काम देणारा एक, करणारा दुसरा आणि भोगणारा तिसरा, ही साखळी तीच होती.

आता कायद्याकडे वळू. नुकसानभरपाईचा आपला दिवाणी कायदा संहितेत बांधलेला नाही. तो बव्हंशी इंग्रजी न्यायालयांच्या निर्णयांतून आपल्याकडे आला. त्याचा सर्वसाधारण नियम असा की, मालक आपल्या नोकराच्या चुकीस जबाबदार असतो, पण स्वतंत्र कंत्राटदाराच्या चुकीस नसतो. नोकराने काम कसे करावे हे मालक सांगतो; कंत्राटदाराला तो केवळ काय करावयाचे एवढेच सांगतो. नियम ऐकायला न्याय्य वाटतो. परंतु त्याला अपवाद इतके आहेत की घरमालकाने निर्धास्त राहावे अशी स्थिती नाही.

१८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिलेला रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. लँकेशायरमधील एका गिरणीमालकाने जाणकार कंत्राटदारांकडून पाण्याचा साठा बांधून घेतला. खणताना कंत्राटदारांना खाणीचे जुने बुजलेले मार्ग आढळले, पण त्यांनी त्याकडे दुर्लक्ष केले. साठा भरताच पाणी त्या मार्गांनी शेजारच्या खाणीत शिरले. मालकाची स्वतःची काहीही हयगय नव्हती, तरीही त्याला जबाबदार धरण्यात आले. कारण धोक्याची वस्तू त्याने आपल्या लाभासाठी जमविली होती. वाहिनी फोडण्याच्या प्रकाराला हे तत्त्व जसेच्या तसे लागू पडत नाही. अधिक जवळचा आहे १८७६ चा बॉवर विरुद्ध पीट हा खटला. तेथे पाया खणताना शेजाऱ्याच्या घराचा आधार गेला. होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी कंत्राटदाराने करारातच पत्करली होती. तरी न्यायालयाने घर बांधणाऱ्यालाच उत्तरदायी ठरविले. ज्या कामातून शेजाऱ्यास हानी पोहोचण्याचा संभव उघड आहे, त्या कामाची काळजी दुसऱ्यावर ढकलून मोकळे होता येत नाही, असे त्याचे सार. ‘सर्व नुकसानीस कंत्राटदार जबाबदार राहील’ ही ओळ करारात लिहून घेतली की सुटलो, असे मानणाऱ्या सोसायट्यांच्या चिटणिसांनी हा निकाल ध्यानात ठेवावा. ती ओळ कंत्राटदाराकडून पैसे वसूल करण्यास उपयोगी पडते. ज्याचे नुकसान झाले त्याला ती बांधत नाही. आणि कंत्राटदार कामाच्या चौथ्या दिवशी आपले दूरध्वनी बंद करून नाहीसा झाला, तर तिचा वसुलीसाठीही उपयोग उरत नाही.

याशिवाय परवानगीविना काम करून घेतले, उघडउघड अननुभवी माणूस नेमला, किंवा ‘इथेच खणा, लवकर आटपा’ असे हुकूम मालकानेच सोडले, तर स्वतंत्र कंत्राटदाराची ढाल गळून पडते. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्तांच्या परवानगीवाचून रस्ता उकरता येत नाही. दारापुढचा पदपथ आपलाच, असे समजणाऱ्या अनेकांना याची कल्पना नसते.

त्यातही विसंगती अशी की, एकाच खड्ड्यातील दोन तारांना कायदा दोन वेगळ्या मापांनी मोजतो. २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम १३९ प्रमाणे निष्काळजीपणाने वीजपुरवठ्याच्या साधनांची नासधूस केल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होतो. दूरसंचाराच्या जाळ्याला इजा पोहोचविल्यास २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाखाली भरपाई तर द्यावी लागतेच, वर ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मजुराची पहार डावीकडे चार बोटे सरकली की उजवीकडे, यावर दंडाची रक्कम ठरावी हा न्याय नव्हे. केबल कंपन्यांच्या गाऱ्हाण्याला जेवढा कान मिळाला तेवढा पाण्याच्या नळाला किंवा भाजलेल्या पादचाऱ्याला मिळाला नाही, एवढेच यावरून दिसते.

तथापि याच क्षेत्रात एक चांगली गोष्ट घडली आहे, ती मान्य केली पाहिजे. भारतीय तार (पायाभूत सुविधा सुरक्षा) नियम, २०२२ यांनी खणू इच्छिणाऱ्याने आगाऊ सूचना द्यावी असे बंधन घातले आणि २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ या नावाचे मोबाइल ॲप सुरू झाले. खोदकामात दरवर्षी सुमारे दहा लाख काचतंतू केबली तुटतात आणि जवळजवळ तीन हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असे त्या वेळी सरकारनेच सांगितले होते. अमेरिकेत २००७ पासून ८११ हा एकच क्रमांक फिरविला की सर्व वाहिन्यांच्या मालकांना सूचना जाते आणि ते येऊन जमिनीवर खुणा करतात. नेदरलँड्सने २००८ साली कायदा करून यंत्राने खणण्यापूर्वी भूमापन खात्याकडून भूमिगत जाळ्याचा नकाशा मागविणे सक्तीचे केले. तेथील माणसे आपल्याहून अधिक सज्जन आहेत म्हणून हे घडले असे नाही. खणणाऱ्याला माहिती मिळण्याची सोय आधी झाली, म्हणून न विचारता खणणाऱ्याला दोष देणे न्याय्य ठरले.

माहितीचा हा मुद्दा कळीचा आहे, कारण मुंबई बेटावरील ‘घरमालक’ हा शब्दच मुळी फसवा आहे. गिरगाव, लालबाग, परळमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारा गृहस्थ पुष्कळदा मालक नसून पागडीचा भाडेकरू असतो. इमारत ट्रस्टची किंवा परगावी राहणाऱ्या वारसांची. उपकर भरावयाचा भाडेकरूने. मोठी दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाने करावयाची. आणि मोरी गळू लागली की खाली राहणाऱ्याचे बोल मात्र भाडेकरूने ऐकावयाचे. भाड्यावर नियंत्रण असल्यामुळे मालक दुरुस्तीला हात लावीत नाही, आणि मंडळाची पाळी येईतो छत टिकत नाही. अखेर तळमजल्यावरचे बिऱ्हाडकरू वर्गणी काढून नाक्यावरचा एक कंत्राटदार आणतात.

समजा, लालबागच्या अशा एका चाळीत चाळीस बिऱ्हाडे आहेत. मागच्या बोळातील मैलावाहिनी तुंबते म्हणून त्यांनी ती बदलावयाचे ठरविले. कंत्राटदाराने काम पोटकंत्राटदाराला दिले, त्याने मुकादमाला आणि मुकादमाने सकाळी नाक्यावर उभ्या असलेल्या चार मजुरांना. तिसऱ्या दिवशी ब्रेकर विजेच्या केबलवर बसला. चाळीसह आजूबाजूच्या चार इमारती अंधारात गेल्या, पिठाची गिरणी थांबली, एका बिऱ्हाडातील आजारी माणसाचे प्राणवायूचे यंत्र बंद पडले. केबल जोडण्याचा खर्च समजा दोन लाख रुपये आला. चाळ कमिटी नोंदणीकृत नाही, तेव्हा नोटीस कोणाच्या नावे काढावयाची? इमारतीचा मालक म्हणेल, मी काम सांगितले नव्हते. कंत्राटदार म्हणेल, नकाशा दिला नव्हता. नकाशा ज्याच्याकडे आहे तो म्हणेल, विचारले नव्हते. शेवटी बिऱ्हाडामागे पाच हजार रुपये काढले जातील आणि गिरणीतून निवृत्त झालेला म्हातारा ते व्याजाने आणील.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत यास सामाजिक खर्च म्हणतात. खाजगी उद्योग आपल्या उत्पादनखर्चाचा काही भाग त्रयस्थांवर लोटतो आणि तेवढ्याने त्याचा नफा फुगतो, ही मांडणी के. विल्यम कॅप यांनी १९५० साली आपल्या ग्रंथात सविस्तर केली. कंत्राटदाराचा दर स्वस्त असतो, कारण चाचणी-खड्डा घेण्याचा, परवानगी काढण्याचा आणि विम्याचा खर्च त्याने त्यात धरलेलाच नसतो. तो खर्च नाहीसा होत नाही. अंधारात बसलेल्या चार इमारती तो भरतात. रोनाल्ड कोस यांनी १९६० साली असे दाखविले की, वाटाघाटींना काहीच खर्च पडत नसेल, तर दायित्व कोणावर आहे याने साधनांच्या वापरात फरक पडणार नाही. आपल्या बोळात चाळीस बिऱ्हाडे, चार इमारती आणि सहा कार्यालये यांनी आपापसात वाटाघाटी कराव्यात ही कल्पनाच अशक्य कोटीतील आहे. म्हणून दायित्व कोणावर टाकावयाचे हे समाजानेच ठरविले पाहिजे. गिडो कॅलॅब्रेसी यांनी १९७० साली सुचविलेली कसोटी येथे उपयोगी आहे: जो अपघात सर्वांत कमी खर्चात टाळू शकतो, त्याच्यावर भार ठेवावा. वाहिनी कोठे आहे हे सर्वांत स्वस्तात सांगू शकतो तो तिचा मालक. सर्वांत स्वस्तात सावधपणे खणू शकतो तो कंत्राटदार. गृहस्थ या दोहोंच्या मागे, तिसरा उभा आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. गृहस्थाला मोकळे सोडले तर तो हमखास सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बेजबाबदार कंत्राटदार निवडील, परवानगीचा खर्च वाचवील आणि वर हात झटकील. हे खरे आहे. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत दोन सदनिका एक करणारा धनिक आणि लालबागच्या चाळीत मोरी बांधणारा भाडेकरू, दोघांनाही ‘गृहस्थ’ म्हणून सूट देणे हा समतेचा विपर्यास होईल. म्हणूनच दायित्व शून्य असावे असे येथे सुचवावयाचे नाही. ते कर्तव्याशी आणि ऐपतीशी जोडले जावे, असे म्हणावयाचे आहे. श्रीराम कारखान्याच्या वायुगळतीच्या प्रकरणात, म्हणजे एम. सी. मेहता खटल्यात, २० डिसेंबर १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धोकादायक उद्योगाकडून वसूल करावयाची भरपाई त्या उद्योगाच्या आकाराशी आणि ऐपतीशी निगडित असली पाहिजे. ते तत्त्व महाकाय कारखान्यांसाठी सांगितले गेले. त्यामागचा न्यायविचार बोळातील खड्ड्यापर्यंत आणण्यास हरकत कोणती?

या साखळीत जो सर्वांत खाली आहे त्याचा विचार मात्र कोणीच करीत नाही. वाहिनी फुटली की पहिला प्रश्न ‘यंत्र कोण चालवीत होता’ हाच असतो. ज्याने जागा ठरविली नाही, ज्याला नकाशा दाखविला नाही, ज्याला रबरी हातमोजे दिले नाहीत, तो रोजंदारीचा मजूर आरोपी होतो. आणि केबलचा धक्का बसून तो मेला, तर त्याच्या विधवेने दाद कोणाकडे मागावी हेही स्पष्ट नसते. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने कंत्राटदाराच्या मजुराबद्दल मूळ काम देणाऱ्यास जबाबदार धरले, पण ते काम त्याच्या व्यवसायाचा किंवा धंद्याचा भाग असेल तरच. घर दुरुस्त करणे हा गृहस्थाचा धंदा नव्हे, म्हणून तो सुटला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या; त्यांतही हे सूत्र बदलले नाही. उलट, स्वतःच्या राहण्यासाठी केलेल्या बांधकामाला जी सूट १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत होती, तिची मर्यादा पन्नास लाखांवर नेण्यात आली. महागाई जमेस धरली तरी या वाढीने किती मजूर संरक्षणाच्या कक्षेबाहेर गेले असतील, याचा विचार कामगार चळवळीने करावयास हवा.

तेव्हा आपल्या मागण्या कोणत्या असाव्यात? पहिली, सर्व भूमिगत सेवावाहिन्यांचा एकच सार्वजनिक नकाशा महानगरपालिकेने तयार करावा आणि वॉर्ड ऑफिसात एका अर्जावर, विनामूल्य व ठरावीक मुदतीत, जागेवर खुणा करून मिळाव्यात. दूरसंचाराला जे साधले ते पाणी, वीज आणि गॅस यांना का साधू नये? दुसरी, ज्याने सूचना दिली आणि ज्याला मुदतीत उत्तर मिळाले नाही किंवा चुकीच्या खुणा मिळाल्या, त्याच्याकडून एक पैही वसूल करता येऊ नये. तो भार वाहिनीच्या मालकावर राहावा. तिसरी, खोदकाम करणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराला परवाना आणि त्रयस्थांच्या नुकसानीचा विमा सक्तीचा असावा. विम्यावाचून स्कूटर रस्त्यावर आणता येत नाही, मग ब्रेकर का आणता यावा? चौथी, सूचना न देता काम करून घेणाऱ्या गृहस्थावर दायित्व जरूर असावे, पण त्याची मर्यादा घराच्या क्षेत्रफळाशी आणि मूल्याशी जोडलेली असावी. पाचवी, हुकमाप्रमाणे खणणाऱ्या मजुराकडून कोणतीही वसुली होऊ नये आणि तो जखमी झाल्यास त्याची भरपाई त्याच विम्यातून सर्वांत आधी व्हावी.

हे कायदे होतील तेव्हा होतील. तोवर आपल्या कार्यकर्त्यांना हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. आपल्या चाळीत किंवा सोसायटीत काम निघाले की प्रथम वॉर्ड ऑफिस, वीज आणि गॅस या तिन्हींकडे लेखी पत्र द्यावे आणि पोहोच घ्यावी; ती पोहोच उद्या न्यायालयात आपला सर्वांत मोठा आधार ठरेल. कंत्राटदाराचे नाव, पत्ता आणि विम्याची प्रत पाहिल्यावाचून आगाऊ रक्कम देऊ नये. काम पोटकंत्राटाने देण्यास करारात मनाई करावी. वाहिनीजवळचे पहिले दोन फूट हाताने खणून घ्यावेत. आणि शेवटचा हप्ता काम संपल्यावर काही आठवडे हाती ठेवावा. त्या मजुरांची नावेही लिहून ठेवावीत. ज्यांची नावे कोठेच लिहिलेली नसतात, त्यांच्यावरच सगळा दोष येऊन पडतो.

पाण्याचा नळ, विजेची तार आणि मैल्याची वाहिनी यांनी मलबार हिलच्या बंगल्याला आणि लालबागच्या खोलीला एकाच जाळ्यात बांधले आहे. शहरात खऱ्या अर्थाने सामाईक असे जे थोडे उरले आहे, त्यात हे जाळे येते. त्याचे रक्षण सामाईक आणि त्याच्या नुकसानीचा बोजा मात्र सर्वांत दुबळ्या खांद्यावर, ही व्यवस्था आपण निमूटपणे चालू देता कामा नये. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वॉर्डात या मागण्यांचे निवेदन दिले गेले, तर सुरुवात झाली असे म्हणता येईल.